उसातलं उत्तर

सरांनी मला दहावी पास केलं. हे आधी लिहिते, मग बाकीचं. बाकीचं लिहायला बसलं की हात आखडतो, नुसती भीतीच कागदावर उतरते आणि उपकाराचं राहून जातं. म्हणून आधी उपकार.

मी किनवटकडची. शाळा आठवीत सुटली ती सुटलीच. एकविसाव्या वर्षी गावाकडच्या दोघींबरोबर जुन्नर तालुक्यात आले, राजुरीच्या पुढं एका पॉलिहाउसवर जरबेराची फुलं काढायला. तिथं कोल्ड स्टोरेजला पक्की जागा निघाली होती, पण तिला दहावी लागत होती. संध्याकाळी भाकरी थापता थापता मी हे त्या दोघींतल्या मंगलला सांगत होते. भिंतीपलीकडून आवाज आला, "सतरा नंबरचा फॉर्म भर. शाळेत न जाता परीक्षेला बसता येतं."

ते सर. आमचे घरमालक. हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मुलगा चाकणला. मळ्यात एकटंच घर, आणि त्या घराच्या मागच्या खोलीत आम्ही तिघी.

माझ्या जुन्या शाळेच्या दाखल्यासाठी त्यांनी चार पत्रं लिहिली. चौथ्याला उत्तर आलं. फॉर्मवरच्या फोटोत माझे डोळे अर्धे मिटलेले होते, तर फोटो परत काढायला लावला. "परीक्षेला डोळे उघडे ठेवून बसायचं असतं," म्हणाले. गणित त्यांना येत नव्हतं. पास होण्यापुरतं ते स्वतः शिकले आणि मग मला शिकवलं. साठी उलटून गेलेला माणूस माझ्यासाठी लसावि-मसावि करत बसायचा, चुकलं की जीभ चावायचा. माझ्या बापानंसुद्धा माझ्यासाठी एवढं केलं नाही. बापाची तक्रार नाही, त्याला जमलंच नसतं. पण हे खरं आहे म्हणून लिहिते.

त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते लिहिलेलं आवडायचं नाही. आद्याक्षरापुढं टिंब द्यावं लागतं, आणि टिंबाशी त्यांचं वाकडं होतं.

हे मी थट्टेनं म्हणत नाही. त्यांच्या पडवीत भिंतीवरच काळा रंग देऊन फळा केलेला होता. त्यावर दाटीनं इंग्रजी वाक्यं लिहिलेली असत, आणि एकाही वाक्यापुढं पूर्णविराम नसे. मी वहीत वाक्य लिहून शेवटी टिंब दिलं की ते अंगठ्यानं पुसत. शाईचं असलं तरी पुसत, मग तिथं निळा डाग पडे. "परीक्षेत दे. इथं नको," एवढंच म्हणत. घराच्या एका भिंतीला चुना त्यांनी तीन चतुर्थांश लावून सोडलेला. ताटात शेवटचा घास ठेवून उठायचे, तो मांजरीचा. शर्टाचं खालचं बटण कधी लावायचे नाहीत. मंगल म्हणायची, "म्हातारा काहीच संपवत नाही गं. आपण खोली सोडताना सामान तरी पूर्ण नेऊ देईल का?"

आम्ही खोली बघायला गेलो तो दिवस मला लख्ख आठवतो. दुपारी चारची वेळ, भगभगीत ऊन. दार लोटलेलं होतं. आतून शिकवल्याचा आवाज येत होता.

"कॅरी ऑन..."

मग थोडा वेळ काहीच नाही. कुणी उत्तर द्यायला लागेल एवढा वेळ.

"बरोबर. गो ऑन..."

पुन्हा तेवढंच थांबणं.

"बरोबर. गेट ऑन..."

आम्हाला वाटलं, क्लास चालू आहे. बाहेर चपला काढून उभ्या राहिलो. मग माझ्या लक्षात आलं की बाहेर आमच्या तिघींच्या सोडून एकही चप्पल नाही. मी मंगलला डोळ्यांनी दाखवलं. तिनं दार ढकललं. पडवीत फळा, फळ्यापुढं सर, आणि समोर एक बाक. बाकावर कुणी नव्हतं.

सर दचकले नाहीत. "या," म्हणाले. "खोली मागं आहे. एकच सांगतो, बाकाच्या डाव्या टोकाला बसू नका. ती जागा आहे."

कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. खोली चांगली होती. परमुलखात चांगली खोली मिळाली की माणूस फार विचारत नाही.

त्यांच्या इंग्रजीचं सांगते. व्याकरण, निबंध, पत्रलेखन सगळं शिकवायचे, पण जीव लावून शिकवायचे ते पुढं चालू ठेवण्याची क्रियापदं. म्हणायचे, "मराठीत 'चालू दे' म्हटलं की झालं. काय चालू, कशाबरोबर चालू, कोण विचारतो? इंग्रजाला तसं चैन पडत नाही. गो ऑन म्हटलंस आणि पुढं काम आलं, की तो सोबत मागतो. म्हणून विथ. गो ऑन विथ युवर वर्क. कॅरी ऑन विथ द लेसन. गेट ऑन विथ इट. काम सोबतीला धरल्याशिवाय त्याला पुढं जाता येत नाही."

"आणि कीप ऑन?" मी विचारलं.

"त्याला सोबत लागत नाही. कीप ऑन वॉकिंग. चालत राहा, बास. एकट्याचं क्रियापद ते." मग जरा थांबून, "पर्सिस्टला मात्र इन लागतो. हट्टी माणूस आत शिरलेला असतो ना."

मी ते तसंच पाठ केलं. सोबतीचं, एकट्याचं, आत शिरणारं. अजून मला इंग्रजी असंच आठवतं. पद्धत त्यांची ठरलेली: ते पहिला भाग म्हणणार, आम्ही शेवटचा शब्द जोडायचा. प्रेस ऑन? विथ. पुश अहेड? विथ. कीप? ॲट. उत्तर चुकलं तरी रागवायचे नाहीत. माझ्यासमोर तर कधीच रागवले नाहीत. फक्त थांबायचे. कुणीतरी हळूच बरोबर उत्तर सांगेल, असे थांबायचे.  थांबताना ते माझ्याकडं बघत नसत, माझ्या डाव्या बाजूला बघत.

आता पाणंदीचं सांगायला हवं. आमचं पॉलिहाउस आणि सरांचं घर यांच्यामध्ये दहा मिनिटांची पाणंद होती, म्हणजे दोन शेतांमधली बैलगाडीपुरती वाट. दोन्हीकडं ऊस, डोक्याच्या वर गेलेला. त्या भागात बिबट्या म्हणजे रोजची गोष्ट. लोक त्याला वाघच म्हणतात, आणि बोलताना 'पावणं'. "पावणं काल विहिरीपाशी व्हतं," असं सोयऱ्याचं सांगावं तसं सांगतात. उसातून जाताना बोलत जायचं, हा तिथला रिवाज. गप चालायचं नाही. माणूस येतंय हे त्याला आधी कळलं की तो बाजूला होतो, म्हणतात. कुणी मोबाईलवर गाणी लावतं, कुणी नुसतं खाकरत जातं, बायका भांडल्यासारख्या मोठमोठ्यानं बोलत जातात.

सर आम्हाला रोज घ्यायला येत. दिवस मावळायच्या आत पॉलिहाउसच्या फाटकाशी उभे, हातात काठी. मंगलनं गाणं लावलं की बंद करायला लावत. "तो आवाज मोबाईलचा. त्याला माणूस कळायला पाहिजे." आणि मग पाणंदभर त्यांची क्रियापदं. पुढं सर, मागं आम्ही तिघी, दोन्हीकडं वाळल्या पानांचं सळसळतं पाचट, आणि मध्ये "गो ऑन?" "विथ!" "कॅरी ऑन?" "विथ!" शेतातली माणसं हसायची. कुणी हाक मारायचं, "ओ मास्तर, पोरी काय लंडनला धाडता का?"

मंगलनं एकदा विचारलं, "सर, वाघाला इंग्रजी येतं का हो?"

"नाही. म्हणून तर लांब राहतो. मला शाळेत मुलं अशीच लांब राहायची."

आम्ही खूप हसलो. सरही हसले. पण पाणंदीच्या मध्यावर, जिथं उसाच्या डाव्या अंगाला एक जुनं दगडी थारोळं, म्हणजे पूर्वी मोटेचं पाणी पडायचं ते टाकं आहे, तिथं त्यांचं हसू रोज थांबायचं. तिथं ते एक प्रश्न आम्हाला न विचारता उसाकडं तोंड करून विचारायचे. थांबायचे. "बरोबर," म्हणायचे. आणि पुढं चालायचे. पहिल्यांदा हे झालं तेव्हा माझ्या मानेवरचा केस न् केस उभा राहिला. मी मंगलचा हात इतका आवळला की तिची बांगडी वाढली.

ती गोष्ट मला आक्कांनी सांगितली. आक्का शेजारच्या मळ्यातल्या. पाणंदीच्या डाव्या बाजूचा ऊस त्यांचाच. खुरपायला वाकलं की वाघ मानेला धरतो, म्हणून त्या भागात आता बायका गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात. आक्का घरी चहा पितानाही तो घालून बसायच्या. मी बघत राहिले तर म्हणाल्या, "काढायचं ध्यानात ऱ्हात न्हाई बाई. आता त्याच्याबिगार मान हालकी वाटती."

मी विचारलं, "आक्का, सर उसाशी का बोलतात?"

आक्कांनी बशी खाली ठेवली. "तुमास्नी सांगितलं न्हाई व्हय कुनी? चार वर्सं झाली, आमच्याकडं एक गडी व्हता, परभनीकडचा. त्याची धा वर्साची पोर मास्तरांच्या क्लासला जायची. लई हुशार. दुसऱ्याला इचारलं की हिच्या तोंडात उत्तर. असा हात धरायची तोंडाम्होरं," आक्कांनी तळवा ओठांशी आडवा धरला, "आन् अडलेल्याला हळूच सांगायची. मास्तरांनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा चिडलं. म्हनलं, आज घरी जाईस्तवर तोंड उघडायचं न्हाई."

"मग?"

"मग काय. सांगितलं ते ऐकनारी पोर. निघाली पानंदीनं, गप. ही मागची पोरं सांगत्यात, आमी हाका मारल्या तर नुसता हात हालवला. धा मिनिटाची वाट बाई ही. दीड तासानं पल्याड निघाली. चपला हातात. अंगावर वरखडा न्हाई, कापड फाटलेलं न्हाई. आय इचारती, कुठं व्हतीस गं? पोर बघती नुसती. तवापासनं शबुद न्हाई तोंडात."

"वाघ दिसला असेल."

"वाघ दिसल्यावं मानूस वरडतं. ही वरडलीच न्हाई ना! वरडायचं न्हाई, आसं सांगितलं व्हतं तिला." आक्कांनी पट्ट्याखाली बोट घालून मान खाजवली. "आमी सगळी म्हनतो, तिचा आवाज उसातच राह्यला. मी सवता ऐकलाय एकदा. दुपारचं. खुरपताना कुठल्या पोराचं नाव आठवंना, तर कानाशी कुनीतरी हळूच सांगितलं." मग माझं तोंड बघून म्हणाल्या, "घाबरू नको गं. वंगाळ न्हाई ते काई. लहान हाय."

लहान आहे, या शब्दानं मला जास्तच भीती वाटली.

आठ दिवस गेले. मग एकदा शिकवणी संपताना, म्हणजे ते मध्येच थांबले तेव्हा, धीर करून विचारलं. मला वाटलं होतं रागावतील. ते बाकाच्या उजव्या टोकाला, माझ्या पलीकडं, टेकले.

"दोनदा तिच्या गावी गेलो. पुण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. घसा चांगला, कान चांगले. माझ्यासमोर बसून माझ्या ओठांकडं बघत राहायची. तिसऱ्यांदा गेलो तर बिऱ्हाड उठलेलं. कामाच्या मागं गेले कुठंतरी. पत्रं परत आली."

"म्हणून तुम्ही रोज..."

"मी गप बसवलं, तर मीच विचारायला पाहिजे ना? विचारायचं आणि थांबायचं. वर्गात मला थांबणं कधी जमलं नाही. एक मूल अडलं की लगेच दुसऱ्याकडं वळायचो. ती मधल्या वेळात सांगून टाकायची अडलेल्याला. ती काय चूक होती का, सांग बरं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मला तिचं एक उत्तर पाहिजे. एकच. मग मी गप बसेन."

"आणि तुम्ही बरोबर म्हणता ते? तुम्हाला ऐकू येतं?"

"नाही," सर म्हणाले. "पण ती चुकायची नाही कधी."

त्या वर्षी फेब्रुवारी संपता संपता ऊसतोडीची टोळी आली. आक्कांच्या बांधाला त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या पडल्या. दरवर्षी ऊस तुटायचा, बुडखे राहायचे आणि पुन्हा फुटायचे. त्यामुळं सरांना तोडणीचं काही वाटत नसे. पण यंदा आक्कांच्या थोरल्यानं ठरवलं होतं की ऊस मुळासकट मोडायचा आणि डाळिंब लावायचं. दोन्ही अंगांनी तोडत तोडत टोळी पाणंदीजवळ आली. शेवटी थारोळ्याच्या भोवतीचा एक पट्टा उरला. तो उद्या जाणार होता. आणि उद्याच माझा इंग्रजीचा पेपर होता.

सर आक्कांच्या थोरल्याकडं गेले होते, ते मला नंतर कळलं. तेवढा पट्टा ठेव म्हणाले. तो म्हणाला, "मास्तर, तुमचा मान ठिवतो, पर जेसीबी उद्याच मिळतंय." त्यात त्याचंही चुकलं नाही.

सुपरवायझरनं पेपरच्या आदल्या दिवशीही सुट्टी दिली नव्हती. मंगल आणि तिसरी, दोघी गावाकडं लग्नाला गेलेल्या. संध्याकाळी फाटकाशी सर एकटे, आणि मी एकटी. आज त्यांनी काठी आणली नव्हती. खालचं बटण लावलेलं होतं. ते बघून मला का कुणास ठाऊक, रडू आलं.

उजेड अजून होता. पिवळा, मरगळलेला. दोन्हीकडची शेतं मोकळी झालेली, नुसते बुडखे आणि तुडवलेलं पाचट. मोकळ्या रानात भीती कमी वाटायला हवी, पण उलटंच होतं. समोर तो एवढाच उसाचा पट्टा उभा. सगळ्या शिवारातलं लपण्यासारखं जे काय उरलं होतं, ते त्याच्यात शिरलं असणार, असं वाटत होतं. ससे, साप, पावणं, आणि बाकीचं.

"गो ऑन?" सरांनी सुरुवात केली.

"विथ."

"कॅरी ऑन?"

"विथ."

"कीप?"

"ॲट."

"पर्सिस्ट?"

"इन."

उसाच्या तोंडाशी आलो. त्याच्या सावलीत शिरताच हवा गार झाली. पक्षी एकाएकी गप झाले. मी नेहमी ऐकत आले होते की पावणं जवळ असलं की पक्षी गप होतात. पायाखाली पाचट वाजत होतं. मग माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघं थांबलोय, तरी डावीकडं पाचट वाजतंय. एकदा. दोनदा. मग तेही थांबलं.

"प्रेस ऑन?" सर म्हणाले.

मला उत्तर येत होतं. शंभर वेळा दिलं होतं. पण घसा मिटला. तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. बोलायला हवं, गप राहायचं नाही, हे मला कळत होतं, आणि तेच होत नव्हतं. सरांनी वळून बघितलं. ते मला धीर देतील, स्वतःच बोलतील असं वाटलं. ते थांबले. नेहमीसारखे. माझ्या डावीकडं बघत.

आणि डावीकडून, माझ्या कमरेएवढ्या उंचीवरून, तोंडापुढं हात धरून कुणी सांगावं तसं, कुणीतरी हळूच सांगितलं.

"विथ."

मी शपथेवर सांगते, तो माझा आवाज नव्हता. माझा घसा तेव्हा मिटलेलाच होता.

सर 'बरोबर' म्हणाले नाहीत.  मग ते गुडघ्यावर बसले, त्या पाचटात. आणि मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा मऊ आवाजात म्हणाले, "मोठ्यानं सांग, बाळ. आता तोंड बंद ठेवायचं नाही. घरी जा बोलत बोलत."

काही झालं नाही. निदान लगेच झालं नाही. मग एकच एक ऊस हलला, त्याच्या पुढचा हलला, त्याच्या पुढचा. वाऱ्यानं हललं तर सगळं रान हलतं. हे एका ओळीत हलत गेलं, लहान मूल पळत गेलं तर हलेल तेवढंच, पल्याडच्या टोकापर्यंत. मोकळ्या रानात निघालं असेल तर मला दिसलं नाही. नंतर पक्षी बोलायला लागले.

आणि मग मी बोलायला लागले. काय बोलले ते आठवत नाही. क्रियापदं, माझं गाव, आईचं आजारपण, लसावि, देवांची नावं. सरांना दंडाला धरून उठवलं आणि घर येईपर्यंत एक क्षण थांबले नाही.

ओट्यावर पाय ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "तू बोललीस का ते?"

तेव्हा मला एकदम कळलं की 'हो' म्हटलं तर हा माणूस उद्यापासून कुणाला विचारणार? ऊस तर उद्या जाणार. पण मी विचार करून 'नाही' म्हटलं असं समजू नका. मी खरं तेच सांगितलं.

"नाही सर. मी नाही बोलले."

 "खोटं बोलत नाहीस ना? माझ्यासाठी म्हणून?"

"नाही सर."

"वाघाचं पिल्लू असेल. वारा असेल."

"असेल सर."

"विथ म्हणालं पण," सर म्हणाले आणि आत गेले.

पेपर बरा गेला. परत आले तर पट्टा तुटलेला होता. जेसीबी बुडखे उपटत होता, आणि सर बांधावर उभे होते. मी म्हटलं, "प्रेस ऑन आलंच नाही पेपरात."

"यायचं नाहीच ते," म्हणाले.

जूनमध्ये निकाल लागला. इंग्रजीत पंचेचाळीस. सरांनी मळ्यात पेढे वाटले, माझं नाव सांगून, जणू मी त्यांचीच. पण त्या मधल्या महिन्यांत ते बदलले होते. मला उत्तराला लागेल तेवढंच थांबायचे, त्याहून जास्त नाही. बाकावर मंगल चुकून डाव्या टोकाला बसली तर काही म्हणाले नाहीत. आम्हाला घ्यायला यायचे, पण मोकळ्या रानातून गप चालायचे. आक्का म्हणाल्या, "मास्तर लई बोलायचं तवा बरं व्हतं बाई. आता गप चालत्यात तर भ्या वाटतं." मलाही वाटायचं. एक उत्तर मिळालं की गप बसेन म्हणाले होते, ते त्यांनी पाळलं होतं. तिला तिचा आवाज परत मिळाला का, एवढं मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि तेच तर त्यांना हवं होतं.

कोल्ड स्टोरेजच्या जागेवर मी दीड वर्ष काढलं. मग कंपनीनं मला इकडं पाठवलं, तमिळनाडूत होसूरला. इथं मराठी नाही, हिंदीही फार चालत नाही. लोकांशी मी सरांच्या इंग्रजीत बोलते. इथला सुपरवायझर काम दाखवून "कॅरी ऑन" म्हणतो आणि निघून जातो. आजूबाजूला गार खोली, थंडगार फुलांच्या बादल्या, आणि मी एकटी. माझं काम तिथंच थोडा वेळ अडतं. कान डावीकडं जातात. अजून काही ऐकू आलेलं नाही. येऊ नये असं वाटतं, आणि येईल असंही वाटतं.

सरांना दर रविवारी फोन करते. तब्येतीचं विचारतात, जेवलीस का विचारतात. तिच्याबद्दल कधी विचारत नाहीत. सांगण्यासारखं माझ्याकडं काही नाही, हे त्यांना माहीत आहे.

पण मी एक करते, ते त्यांना सांगितलेलं नाही. वर्षातून एकदा गावी जाते तेव्हा परभणीला उतरते. गेल्या खेपेला एक दिवस हिंडले, यंदा दोन दिवस हिंडले. गडी म्हणून जुन्नरकडं गेलेली माणसं, मुकी मुलगी, आता सतरा-अठरा वर्षांची असेल, असं विचारत फिरते. एका बाईनं सेलूकडचं एक गाव सांगितलं. तिथल्यांनी सांगितलं, ते बिऱ्हाड वीटभट्टीवर गेलं. कुठल्या, ते पुढच्या वर्षी बघायचं. अनोळखी गावात, अनोळखी दारात उभं राहायला मला फार भीती वाटते. पण जाते.

ती सापडली आणि बोलत असली, तर तिथूनच सरांना फोन लावीन आणि तिच्या हातात देईन. बोलत नसली तर त्यांना काय सांगायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही. पण सापडल्याशिवाय राहणार नाही, सर. तुम्ही माझ्यासाठी चार पत्रं लिहिलीत. मी तुमच्यासाठी लागतील तेवढी दारं वाजवीन.